टीव्हीचा आवाज होम थिएटरमधून येईना, किंवा येतो आणि पुन्हा जातो: नेमकं कुठे अडतं ते कसं शोधायचं

तक्रार साधारण दोन तऱ्हांची असते. पहिली अशी: नवा टीव्ही आणला, रिसीव्हर किंवा प्रोसेसर (आवाज उलगडून स्पीकरकडे पाठवणारं खोकं; रिसीव्हरमध्ये स्पीकरला ताकद देणारा ॲम्प आतच असतो, प्रोसेसरला तो वेगळा लागतो; पुढे दोघांनाही प्रोसेसरच म्हणतो) एचडीएमआयने जोडला, चित्र झकास दिसतं, पण आवाज टीव्हीच्या बारक्या स्पीकरमधूनच येतो. दुसरी जास्त डोकं उठवणारी. सगळं सुरळीत चालू असतं, एक दिवस लाईट जाऊन येते आणि प्रोसेसर मुका होतो. मग कोणीतरी सगळे प्लग काढून परत लावतं, आवाज येतो, घरातले खूश होतात. पुढच्या वेळी लाईट गेली की ये रे माझ्या मागल्या.

दोन्ही वेळा लोक पहिल्यांदा वायर बदलतात. महागातली वायर येते, फरक शून्य. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा प्रकार आहे. वायर तुटलेली असेल तर आवाज कधीच येणार नाही. जो आवाज येतो-जातो त्याचं कारण बहुतेक वेळा यंत्रांच्या आपसातल्या बोलण्यात असतं, म्हणून आधी ते तपासायचं.

इथे 'टीव्हीचा आवाज' म्हणजे टीव्हीतल्याच नेटफ्लिक्स, यूट्यूबसारख्या ॲपचा, आणि टीव्हीला थेट जोडलेल्या सेट-टॉप बॉक्सचा किंवा पेनड्राइव्हचा आवाज. जे यंत्र आधी प्रोसेसरला जोडलेलं आहे आणि तिथून चित्र टीव्हीकडे जातं, त्याला हा त्रास होत नाही. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे एका उपायात तीच कामाला येते.

आवाज उलट्या दिशेने का जातो

एचडीएमआयची वायर मुळात एकाच दिशेने वाहायला केलेली आहे: खोक्याकडून पडद्याकडे. पुढे टीव्हीतच ॲप आले आणि टीव्ही स्वतःच आवाजाचा उगम झाला. तो आवाज मागे पाठवायला २००९ साली एचडीएमआय १.४मध्ये एआरसी ही सोय आली. वायरच्या १९ पिनांपैकी १४ आणि १९ क्रमांकाच्या पिनांवरून आवाज टीव्हीकडून प्रोसेसरकडे उलटा येतो.

खरं घोडं पेंड खातं ते पुढेच. एआरसी आपोआप चालू होत नाही. प्रोसेसरने टीव्हीला सांगावं लागतं की 'मी ऑडिओ सिस्टीम आहे, एआरसी चालू कर', आणि टीव्हीने 'केली' असं उत्तर द्यावं लागतं. हे बोलणं १३ क्रमांकाच्या पिनवरून, सीईसी नावाच्या पद्धतीने होतं. पूर्वी अख्ख्या चाळीत एकच फोन असायचा तसं हे आहे: टीव्ही, प्रोसेसर, सेट-टॉप बॉक्स, स्टिक, गेमचं यंत्र, सगळे त्याच एका तारेवर बोलतात. एकाने भलत्या वेळी तोंड घातलं की दुसऱ्याचं बोलणं अर्धवट राहतं. आणि ते अर्धवट राहिलं की १४ आणि १९ वर काहीही येत नाही, वायर सोन्याची असली तरी.

प्रत्येक कंपनीने सीईसीला स्वतःचं बारसं करून ठेवलंय, त्यामुळे मेन्यूत 'सीईसी' हा शब्द सापडेलच असं नाही. सॅमसंगकडे ॲनीनेट प्लस, एलजीकडे सिम्प्लिंक, सोनीकडे ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिककडे व्हिएरा लिंक, फिलिप्सकडे ईझीलिंक. डेनॉन, मरांट्झ, यामाहा यांच्या रिसीव्हर-प्रोसेसरमध्ये त्याला सरळ 'एचडीएमआय कंट्रोल' म्हणतात. हे दोन्ही बाजूंना चालू पाहिजे. एका बाजूला बंद असेल तर एआरसी विसरा.

२०१७च्या शेवटी जाहीर झालेल्या एचडीएमआय २.१मध्ये ईएआरसी, म्हणजे एआरसीची सुधारलेली आवृत्ती, आली. ईएआरसी सीईसीवर अवलंबून नाही, त्याचं बोलणं स्वतंत्र मार्गाने होतं. म्हणून कागदोपत्री तरी ते जास्त भरवशाचं. प्रत्यक्षात ईएआरसी जमलं नाही की टीव्ही मुकाट्याने साध्या एआरसीवर उतरतो आणि तिथे पुन्हा सीईसी लागतंच. म्हणून 'माझ्याकडे ईएआरसी आहे, मी सीईसी बंद ठेवलं तरी चालेल' असं धरून चालू नका.

हात लावण्याआधी तीन गोष्टी बघा

टीव्हीवर यूट्यूबचा कुठलाही व्हिडिओ लावा आणि टीव्हीच्या रिमोटने आवाज एक घर वाढवा. पडद्यावर काय उमटतं? टीव्हीची नेहमीची पट्टी आणि आकडा दिसला तर टीव्हीला अजून वाटतंय की आवाज त्यालाच काढायचाय, म्हणजे बोलणं ठरलेलंच नाही. रिसीव्हरचं चिन्ह किंवा 'ऑडिओ सिस्टीम' असं काही दिसलं, किंवा प्रोसेसरच्या तोंडावरचा आकडा हलला, तर सीईसी जिवंत आहे.

मग प्रोसेसरकडे या. तोंडावरच्या पट्टीत 'टीव्ही ऑडिओ' हा सोर्स निवडलेला आहे ना? असेल तर रिमोटवरचं इन्फो किंवा स्टेटस बटण दाबा. आत येणारा आवाज कुठल्या स्वरूपात आहे ते तिथे कळतं: पीसीएम (न आवळलेला साधा डिजिटल आवाज) ४८ किलोहर्ट्झ, डॉल्बी डिजिटल, डॉल्बी डिजिटल प्लस. तिथे नुसत्या रेघा दिसल्या तर आवाज प्रोसेसरपर्यंत पोचलेलाच नाही. नाव उमटलंय आणि खोलीत शांतता आहे, तर दोष प्रोसेसरच्या पुढे आहे. टीव्हीशी त्याचा काही संबंध नाही, त्यासाठी थेट 'प्रोसेसरवर नाव उमटतं, खोलीत मात्र शांतता' हा भाग वाचा.

तिसरी गोष्ट, प्रोसेसरच्या मेन्यूतला टेस्ट टोन. तो सगळ्या स्पीकरमधून फिरला तर ॲम्प आणि स्पीकर ठीक आहेत. मग त्यांच्या मागे लागू नका.

रेघा दिसतात, म्हणजे सिग्नलच नाही

सगळ्यात सोपं आधी. टीव्हीच्या मागे तीन-चार एचडीएमआय असतात, पण एआरसी त्यातल्या एकावरच असते आणि शेजारी तसं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. टीव्ही भिंतीला चिकटवलेला असेल तर ते डोळ्यांनी दिसत नाही. मोबाइलचा कॅमेरा मागे सरकवून फोटो काढा. प्रोसेसरला दोन एचडीएमआय आउट असतील तर तिथेही हेच, एआरसी बहुतेक 'मॉनिटर १'वर असते आणि दुसऱ्यावर नसते. चित्र दोन्हीवर येतं, म्हणून फसगत होते.

नंतर टीव्हीच्या साउंडच्या मेन्यूत जाऊन आवाज कुठे सोडायचा ते बघा. सॅमसंगमध्ये तिथे रिसीव्हर निवडावा लागतो, एलजीमध्ये 'एचडीएमआय एआरसी', सोनीमध्ये स्पीकरच्या जागी 'ऑडिओ सिस्टीम'. हा पर्याय करडा दिसत असेल किंवा यादीतच नसेल, तर टीव्हीला पलीकडे कोणी सापडलेलंच नाही. तिथे कितीही बटणं दाबून उपयोग नाही, आधी सगळं मुळापासून चालू करायला लागेल.

हे 'मुळापासून' म्हणजे रिमोटने बंद-चालू करणं नाही. आजकालचे टीव्ही रिमोटने बंद होत नाहीत, डुलकी घेतात. लवकर चालू व्हावा म्हणून आतला अर्धा कारभार तसाच चालू ठेवलेला असतो आणि बिघडलेली सीईसीची यादीही तशीच राहते. म्हणून असं करा. टीव्ही, प्रोसेसर, बॉक्स, स्टिक, सगळ्यांची भिंतीवरची बटणं बंद करा. मग एचडीएमआयच्या वायरीही काढा. ही पायरी लोक गाळतात. एचडीएमआयमधून ५ व्होल्ट जात असतात, त्यामुळे एखादा बॉक्स चालू राहिला तर तो बाकीच्यांना अर्धवट जागं ठेवतो. पाचेक मिनिटं चहा प्या. मग फक्त टीव्ही आणि प्रोसेसर यांच्यातली एक वायर लावा, बाकी काही नको. टीव्ही चालू करून त्याचा होम स्क्रीन पूर्ण येईपर्यंत थांबा, मगच प्रोसेसर चालू करा. दोन्हीकडे सीईसी आणि एआरसी चालू आहे याची खात्री करून यूट्यूब लावा.

आवाज आला? मग बाकीची यंत्रं एकेक करून जोडा आणि प्रत्येक वेळी टीव्ही बंद-चालू करून बघा. ज्याच्या जोडण्याने आवाज गेला तो चोर.

बहुतेक वेळा चोर एखादी स्टिक, जुना सेट-टॉप बॉक्स किंवा विसरलेला साउंडबार निघतो. साउंडबारचं कारण तर अगदी सरळ आहे. सीईसीत प्रत्येक यंत्राला क्रमांक असतो: टीव्हीला ०, आणि ऑडिओ सिस्टीमला ५. ऑडिओ सिस्टीमसाठी हा एकच क्रमांक आहे. साउंडबार आणि प्रोसेसर दोघेही त्याच तारेवर असले की ५ वर दोघांचा हक्क आणि टीव्ही गोंधळलेला. चित्रपट लावणाऱ्या यंत्रांनाही तीनच क्रमांक राखून ठेवलेत: ४, ८ आणि ११. दोन स्टिक, एक गेम आणि वर ब्लू-रे अशी गर्दी केली तर कोणीतरी बाहेर राहतं.

चोर सापडला की त्याला फेकून द्यायची गरज नाही. त्याच्याच मेन्यूत जाऊन फक्त त्याचं सीईसी बंद करा, टीव्हीचं आणि प्रोसेसरचं तसंच राहू द्या. काही बॉक्सांत तसा पर्यायच नसतो. त्यासाठी १३ क्रमांकाची पिन जोडलेलीच नाही असा छोटा एचडीएमआय जोड मिळतो. तो त्या बॉक्सच्या आणि टीव्हीच्या मध्ये बसवा. चित्र-आवाज नेहमीसारखा जातो, तोंड मात्र बंद.

लाईट जाऊन आल्यावर दर वेळी होतं त्यांच्यासाठी

आपल्याकडच्या घरांत हे कारण सर्रास आढळतं, पण इंग्रजी मॅन्युअलमध्ये त्याचा उल्लेखही नसतो. टीव्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर असतो. ॲम्प जड, म्हणून इलेक्ट्रिशियन होम थिएटर इन्व्हर्टरवर घेत नाही. लाईट गेली की प्रोसेसर मरतो, टीव्ही चालूच राहतो. ऑडिओ सिस्टीम गायब झाली असं बघून टीव्ही स्वतःच्या स्पीकरवर येतो. लाईट परत आली की प्रोसेसर स्टँडबायमध्ये उठतो, पण बरेच टीव्ही आपणहून परत त्याच्याकडे जात नाहीत. त्यांच्या दृष्टीने काही घडलेलंच नसतं.

उपाय वायरिंगचा आहे, सेटिंगचा नाही. टीव्ही आणि प्रोसेसर एकाच लाइनवर आणा. प्रोसेसर वेगळा आणि पॉवर ॲम्प वेगळे असतील तर फार सोपं: ॲम्प बाहेर ठेवा, एकटा प्रोसेसर इन्व्हर्टरवर घ्या, त्याला ॲम्पच्या मानाने फारच कमी वीज लागते. सगळं एका खोक्यात असलेला रिसीव्हर असेल तर इन्व्हर्टरला झेपतो का ते इलेक्ट्रिशियनला विचारा. झेपत नसेल तर उलट करा, टीव्हीच इन्व्हर्टरवरून काढा. लाईट नसताना टीव्ही बघायला मिळणार नाही, हा घरातल्या वाटाघाटींचा विषय.

इन्व्हर्टरला यूपीएस मोडचा खटका असेल तर तो यूपीएसवर ठेवा. साध्या मोडमध्ये लाइन बदलताना पडणारी खंड मोठी असते, आणि तेवढ्यात टीव्ही टिकतो पण प्रोसेसर नव्याने चालू होतो, असं होतं. टीव्हीला वेगळा स्टॅबिलायझर असेल तर तोही बघा, काही स्टॅबिलायझर लाईट आल्यावर थोडा वेळ थांबून मग सप्लाय सोडतात. तेवढ्यात प्रोसेसर आधी उठून एकटाच हाका मारत बसतो.

वायर कधी दोषी असते

वायर कधीच दोषी नसते असं मी म्हणत नाही. फर्निचर करताना भिंतीतून कन्सील करून टाकलेली दहा-बारा मीटरची वायर हा खरा संशयित. लांब वायरी बऱ्याचदा फायबरच्या असतात. त्यांना दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले असं लिहिलेलं असतं. चित्र फायबरमधून पुढे जातं, पण एआरसी उलट्या दिशेची, तिची सोय त्या वायरीत वेगळी करावी लागते. काही वायरींत ती नसतेच. मध्ये स्प्लिटर, भिंतीवरचा सॉकेट किंवा एक्स्टेंडर असेल तर तिथेही आवाजाचा परतीचा रस्ता तुटू शकतो.

भिंत फोडायच्या आधी दोन मीटरची साधी हाय स्पीड वायर आणा आणि प्रोसेसर उचलून टीव्हीजवळ ठेवून लावून बघा. हॉलमध्ये पसारा होईल, होऊ दे. छोट्या वायरीवर आवाज आला तरच कन्सील वायरीवर ठपका ठेवा. नवी घेणार असाल तर अल्ट्रा हाय स्पीड, म्हणजे ४८ गिगाबिटची, घ्या. फायबरची घेत असाल तर खोक्यावर ईएआरसी चालते असं लिहिलेलं बघूनच.

प्रोसेसरवर नाव उमटतं, खोलीत मात्र शांतता

वेगळे पॉवर ॲम्प असलेल्यांना हा प्रकार भोवतो. प्रोसेसर ॲम्पला जागं करतो तो १२ व्होल्टच्या ट्रिगरने: हेडफोनच्या जॅकसारखी दिसणारी बारीक वायर मागून जाते. हा ट्रिगर कुठल्या सोर्सला पेटायचा ते प्रोसेसरच्या मेन्यूत ठरवता येतं. ज्याने सेटअप केलं त्याने ब्लू-रे, मीडिया प्लेयर, सीडी यांच्यासमोर खूण केली आणि 'टीव्ही ऑडिओ' राहिला. मग ब्लू-रे लावला की ॲम्पचा दिवा लागतो, आतून रिलेची 'टक' ऐकू येते, आवाज येतो. टीव्हीवर ॲप लावलं की प्रोसेसर 'डॉल्बी डिजिटल प्लस' दाखवतो, आवाजाचा आकडाही वर-खाली होतो आणि ॲम्प झोपलेले.

गंमत म्हणजे आधी ब्लू-रे बघून मग टीव्हीवर आलात तर काही ठिकाणी ॲम्प जागेच राहतात आणि आवाज येतो. त्यामुळे दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि सगळा संशय एआरसीवर जातो. ॲम्पच्या दिव्याकडे बघा, एवढंच. दिवा नसेल तर ट्रिगरच्या यादीत टीव्ही ऑडिओला खूण करा, किंवा ट्रिगर सरळ मेन झोनला बांधा म्हणजे प्रोसेसर चालू असेल तोवर ॲम्प चालू.

दिवा आहे आणि तरीही शांतता, तर इनपुट मोड बघा. तो ऑटोवर पाहिजे. कोणी तो ॲनालॉगवर नेऊन ठेवला असेल तर एआरसीचा आवाज दारातच थांबतो.

काही गोष्टींना आवाज येतो, काहींना नाही

म्हणजे मार्ग ठीक आहे, अडचण आवाजाच्या स्वरूपाची, फॉरमॅटची आहे. टीव्हीच्या मेन्यूत डिजिटल ऑडिओ आउटपुट शोधा, तिथे पीसीएम, ऑटो आणि पासथ्रू (आला तसा आवाज पुढे सोडणं) असे पर्याय असतात. आधी पीसीएम करा. पीसीएमवर सगळ्याला आवाज येत असेल तर जोडणी निर्दोष आहे. पीसीएमवर साध्या एआरसीतून दोनच चॅनल येतात, म्हणून ते तपासणीपुरतं ठेवा आणि नंतर ऑटोवर किंवा पासथ्रूवर या.

पेनड्राइव्हवरचा चित्रपट चित्र दाखवतो पण आवाज नाही, आणि खाली 'ऑडिओ फॉरमॅट चालत नाही' असं काही येतं, तर त्या फाइलचा आवाज बहुतेक डीटीएस या डॉल्बीसारख्याच दुसऱ्या स्वरूपात आहे. सॅमसंगने २०१८पासूनच्या टीव्हींत डीटीएस काढून टाकलं, एलजीच्या २०२० ते २०२२च्या संचांतही ते नव्हतं. प्रोसेसरला डीटीएस येत असलं तरी टीव्ही ते पुढे सोडत नाही. इथे सेटिंगशी झटापट करण्यात अर्थ नाही, पेनड्राइव्ह प्रोसेसरला जोडलेल्या मीडिया प्लेयरमध्ये लावा.

ॲपल टीव्ही किंवा गेमचं यंत्र टीव्हीला जोडलंय आणि एआरसीतून फक्त स्टिरिओ येतोय, तर कारण वेगळं. ही यंत्रं आवाज मल्टिचॅनल पीसीएमच्या रूपात बाहेर काढतात आणि साध्या एआरसीला तो भार पेलत नाही. त्यांच्या मेन्यूत आवाज डॉल्बी डिजिटल ५.१ करा. गेमच्या यंत्रात त्याला बिटस्ट्रीम म्हणतात.

इथेच एक मत सांगतो, पटलं तर घ्या. ईएआरसी वारंवार तुटत असेल आणि तुम्ही टीव्हीवर फक्त ॲपच बघत असाल, तर ईएआरसी बंद करून साध्या एआरसीवर राहा. ईएआरसीतून ३७ मेगाबिटपर्यंत आवाज जातो, ब्लू-रेवरच्या डॉल्बी ट्रूएचडीला ते लागतं, त्याची गरज १८ मेगाबिटपर्यंत जाते. पण ॲपमधला ॲटमॉस, म्हणजे डॉल्बीचा डोक्यावरूनही येणारा आवाज, डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये बांधून येतो, नेटफ्लिक्सवर तो जास्तीत जास्त ७६८ किलोबिट. एवढा साध्या एआरसीतून आरामात जातो. न वापरलेल्या क्षमतेसाठी रोज संध्याकाळी रिमोट घेऊन झगडण्यात काय हशील?

एवढं करूनही जमत नसेल तर

दोन वाटा आहेत आणि दोन्ही मला एआरसीपेक्षा शांत वाटतात.

पहिली, जे यंत्र जोडता येतं ते थेट प्रोसेसरला जोडा. सेट-टॉप बॉक्सचं चित्र कुठल्याही प्रोसेसरमधून सहज पुढे जातं, त्यात परतीचा प्रश्नच उरत नाही. घरात लगेच विचारतात, 'म्हणजे बातम्या बघायला पण ते सगळं चालू करायचं?' नाही. प्रोसेसरमध्ये एचडीएमआय पासथ्रू किंवा स्टँडबाय थ्रू चालू ठेवा. मग प्रोसेसर झोपलेला असतानाही बॉक्सचं चित्र आणि आवाज टीव्हीपर्यंत जातो. आईबाबा मालिका टीव्हीच्या स्पीकरवर बघतात, तुम्ही मॅचला प्रोसेसर चालू करता. स्टँडबायला वीज थोडी जास्त लागते, ते चालतंय. अडचण फक्त जुन्या प्रोसेसरची, ४के १२० हर्ट्झ किंवा डॉल्बी व्हिजन त्यातून जात नसेल तर तेवढं एक यंत्र टीव्हीलाच राहू द्या.

दुसरी, ऑप्टिकल, म्हणजे आवाज प्रकाशाच्या रूपात नेणारी वायर. तोशिबाने १९८३मध्ये आणलेली ही पद्धत अजून बहुतेक टीव्हींच्या मागे आहे. सीईसी नाही, बोलणं नाही, लाईट गेली-आली तरी आवाज जिथल्या तिथे. मर्यादा अशी की दोन चॅनलचा पीसीएम नाहीतर डॉल्बी डिजिटल ५.१ इतकंच, ॲटमॉस नाही, आणि आवाज कमी-जास्त प्रोसेसरच्या रिमोटने करायचा. टीव्हीत आउटपुट डॉल्बी डिजिटलवर ठेवा. नव्या ऑप्टिकल वायरीच्या टोकाला पारदर्शक प्लॅस्टिकची बारीक टोपी असते, ती काढायची राहते आणि वायर नीट बसत नाही, आवाज येत नाही. टोपी काढून एक टोक टीव्हीत लावा, दुसरं तळहातासमोर धरा. लाल ठिपका दिसला म्हणजे टीव्ही बोलतोय. प्रोसेसरमध्ये टीव्ही ऑडिओला ऑप्टिकल नेमून द्या आणि टीव्हीची एआरसी बंद करा, नाहीतर दोन वाटांत प्रोसेसर कुठली धरेल ते त्याचं त्यालाच ठाऊक.

ऑप्टिकलचा एक बोनस आहे. केबलवाल्याची वायर जोडली की सबवूफरमधून 'हूंऽऽ' असा ५० हर्ट्झचा गुणगुणाट येत असेल, तर ती अर्थिंगची भानगड असते. बॉक्सची केबल काढल्यावर गुणगुण थांबली की खात्री पटली. ऑप्टिकल काच-प्लॅस्टिकची असल्याने टीव्ही आणि प्रोसेसर यांच्यातला विजेचा संबंधच तुटतो. एचडीएमआयही लागतेच म्हणून ती राहिली तर केबलच्या वायरीवर आयसोलेटर बसवा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र काढू नका, कोणी कितीही सुचवलं तरी.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत

हा वेगळा आजार, थोडक्यात. आवाज आधी येत असेल तर प्रोसेसरमध्ये ऑडिओ डिले वाढवा. आपल्याकडचं प्रसारण सेकंदाला २५ चित्रांचं, म्हणजे एक चित्र ४० मिलिसेकंदांचं, तेवढ्या तेवढ्याने वाढवून बघा. आवाज उशिरा येत असेल तर डिलेने भागत नाही. टीव्हीतला आवाजाचा डिले शून्य करा, आउटपुट पासथ्रूवर न्या, प्रोसेसर डायरेक्ट मोडवर टाकून बघा. माणसाचा कान आवाज थोडा उशिरा आला तर सहन करतो, आधी आला की लगेच खटकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतही जाणवण्याची सीमा आधीच्या बाजूला ४५ आणि उशिराच्या बाजूला १२५ मिलिसेकंद अशीच धरलेली आहे. त्यामुळे चुकायचंच असेल तर उशिराच्या बाजूला चुका.

फॅक्टरी रीसेट

दुरुस्तीला आलेला माणूस पहिल्यांदा हेच करू बघतो. करू द्या, पण शेवटी. त्याआधी स्पीकरची अंतरं, लेव्हल, क्रॉसओव्हर आणि ट्रिगरच्या खुणा यांचे पडद्यावरून फोटो काढा, प्रोसेसरमध्ये सेटिंग पेनड्राइव्हवर साठवायची सोय असेल तर ती वापरा. माइक लावून केलेलं खोलीचं मोजमाप एकदा पुसलं गेलं की पुन्हा सगळं शांत करून नव्याने करावं लागतं. आणि रीसेटनंतर बऱ्याच प्रोसेसरमध्ये एचडीएमआय कंट्रोल आणि एआरसी मुळातच बंद असतात. त्यामुळे रीसेट करूनही आवाज आला नाही म्हणून बोर्ड गेला असं कोणी सांगितलं, तर आधी ते दोन पर्याय चालू आहेत का ते स्वतः बघा, मग बोर्डाची किंमत विचारा.